टॅटू घालवायचं क्रीम मागणाऱ्या भरतीच्या पोरांबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भरतीची जाहिरात आली की आमच्या मेडिकलमध्ये दोन गोष्टींची मागणी वाढते, एक क्रेप बँडेज आणि दुसरं टॅटू घालवायचं क्रीम. बँडेज देतो. क्रीम मी ठेवत नाही आणि ठेवणारही नाही, पण त्याने काय फरक पडतो, पोरं तिथेच मोबाइल काढून दाखवतात, "हे बघा काका, ऑनलाइन आहे की, आठ दिवसांत गायब म्हणतंय." खाली आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि नंतरच्या फोटोतला हात आधीच्या माणसाचा आहे का हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तुमच्या पेपरात भरतीची माहिती रोज येते, टॅटूची फॅशन पण पुरवणीत येते, पण या दोन्हीच्या मध्ये जो घोळ होतो त्यावर काही वाचलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापून छापा, फक्त नियमाचा भाग कापू नका.

तर आधी नियम. आर्मीच्या अग्निवीर भरतीच्या नोटिफिकेशनमध्ये सरळ लिहिलेलं असतं की कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे कोपराच्या आतून मनगटापर्यंत, किंवा पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी अंगावर कुठेही असला तर उमेदवार बाद. आदिवासी समाजातल्या मुलांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. आता बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ म्हणजे एसएससी जीडीमधून, म्हणजे केंद्रीय दलांच्या शिपायांच्या परीक्षेतून जी भरती होते तिथलं वेगळं, तिथे आतल्या बाजूचा पण फक्त डावा हात, कारण सॅल्यूट उजव्या हाताने मारायचा असतो, किंवा मग पंजाची मागची बाजू, आणि आकार शरीराच्या त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी पाहिजे. देवाचं चित्र, धार्मिक चिन्ह, नाव याला हरकत नाही, हरकत जागेला आणि आकाराला आहे. म्हणजे बघा, छातीवर महाराजांची राजमुद्रा काढून घेणारा पोरगा, दंडावर वाघ आणि वर 'जय हिंद' लिहून घेणारा पोरगा, ज्याला खरंच मनापासून वर्दी घालायचीय, नेमका तोच बाद होतो. १६०० मीटर किती सेकंदात मारायचे, छाती किती फुगवायची हे या पोरांना झोपेत विचारलं तरी सांगतील. हा नियम मात्र भरतीच्या मेडिकल तपासणीच्या दिवशी कळतो, नाहीतर आदल्या महिन्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतं आणि मग पळापळ.

आणि व्हॉट्सॲपवरचा नियम अर्धवट असतो. मागच्या वर्षी एक पोरगा आला, शर्टाची बाही खाली ओढलेली, "काका भाजल्यावर लावायचं मलम द्या." बाही वर केली तर उजव्या हाताच्या आतल्या बाजूला 'आई' लिहिलेलं, म्हणजे लिहिलेलं होतं. ऑनलाइन मागवलेलं कसलंतरी पाण्यासारखं लिक्विड तीन रात्री कापसाने लावलं आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून झोपला, पहिल्या रात्री आग झाली तर म्हणे रिव्ह्यूमध्ये लिहिलंय आग झाली म्हणजे काम चालू झालं. कातडी पांढरी पडून मग सोललेली, कडेने लालबुंद, मध्ये पिवळसर चिकट आणि त्या चिकट्यामध्ये 'ई'चा खालचा फराटा जसाच्या तसा काळा. वासही येत होता. मी विचारलं कुठली भरती, तर म्हणाला आर्मी. आर्मीला उजव्या हाताची आतली बाजू चालते हो! आईचं नाव, दोन बोटांएवढं, नियमात बसणारं, ते जाळायची गरजच नव्हती. कुणीतरी ग्रुपवर 'उजवा हात चालत नाही' एवढंच टाकलेलं, कुठल्या भरतीला ते नाही. मलम दिलं नाही, सरळ मिरजेला डॉक्टरकडे पाठवलं. जखम भरली पण तिथे आता जाड, उंच, चमकणारा वण आहे आणि त्या वणात अक्षर अजून वाचता येतं.

हे असं का होतं ते आमच्या धंद्यात असल्यामुळे थोडंफार कळतं म्हणून सांगतो. कातडीचा वरचा थर झडत असतो, साधारण महिन्याभरात नवा येतो. शाई त्या थरात असती तर टॅटू महिन्यात आपोआप गेला असता. ती असते त्याच्या खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर आत, आणि तिथे नुसती सांडलेली नसते, शरीरातल्या पेशी शाईचे कण गिळून बसलेल्या असतात. ती पेशी मेली की तिने सोडलेले कण नवीन पेशी उचलते, फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. म्हणून टॅटू म्हातारपणापर्यंत टिकतो, आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन हिरवट पडलं, पसरलं, पण गेलं का? मग वरून चोळलेलं क्रीम तिथवर पोचणार कसं. पोचायचं असेल तर वरचा थर जाळतच जावं लागेल, आणि जाळत गेलं की शाईच्या आधी कातडी जाते.

ऑनलाइन जे विकलं जातं त्यातलं काही नुसतं वासाचं मॉइश्चरायझर असतं, त्याने पैसे जातात बाकी काही नाही, मी म्हणतो ते मिळालं तर नशीबवान समजा. काहींत हायड्रोक्विनोन असतं, म्हणजे कातडीचा स्वतःचा रंग फिका करणारं औषध. त्याने टॅटू तसाच राहतो आणि आजूबाजूची कातडी पांढरट होते, उलट टॅटू जास्त उठून दिसतो. कुणी मित्राच्या सांगण्यावरून ते तीन औषधांचं गोरेपणाचं क्रीम चोळतं, त्यात हायड्रोक्विनोनच्या जोडीला ट्रेटिनोईन आणि स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडची लावायची औषधं २०१८ पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. देतात, ते वेगळं. आमच्याच धंद्यातली माणसं देतात, हेही लिहितो, छापा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲसिडवाली, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, टीसीए. हे ॲसिड वाईट नाही, स्किनचे डॉक्टर पील करायला, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलायला, चामखीळ जाळायला वापरतात, पण किती टक्क्याचं, किती सेकंद, कुठल्या कातडीवर हे बघून. तेच बाटलीत भरून, वर टक्केवारी न लिहिता, हॉस्टेलच्या खोलीत बसून कापसाने लावायला कुणाच्या हातात द्यायचं नसतं. आपल्या सावळ्या कातडीला तर जास्तच जपावं लागतं, भाजलं की काळा डाग किंवा पांढरा चट्टा पडतो आणि तो वर्ष वर्ष जात नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, स्वच्छ सांगितलंय की घरी लावून टॅटू घालवायच्या एकाही क्रीमला किंवा मलमाला त्यांनी मान्यता दिलेली नाही, पुरळ, भाजणं, वण आणि कातडीचा रंग बदलणं असले प्रकार होऊ शकतात. पण पार्सलवर 'एफडीए अप्रूव्ह्ड' छापलेलं मी स्वतः पाहिलंय. पार्सल आलंच असेल तर निदान लेबल वाचा. आपल्याकडे कॉस्मेटिक विकायचं तर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ते, आत काय काय आहे हे सगळं लिहावं लागतं, बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. मी पाहिलेल्या डब्यांवर यातलं निम्मंही नव्हतं, एकावर तर घटकांच्या जागी 'नॅचरल एक्स्ट्रॅक्ट' एवढंच. घरगुती उपाय सांगणारे काका-मामा पण कमी नाहीत, बिब्ब्याचं तेल लाव, चुना आणि साबण लाव, मीठ घेऊन रक्त येईपर्यंत घास. बिब्बा उतला की काय होतं हे आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यासाठी टॅटू असावाच लागत नाही.

मग जातच नाही का? जातो, लेझरने, आणि तोही सगळाच जाईल असं नाही. क्यू-स्विच्ड एनडी-याग म्हणून मशीन असतं, ते सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावा लागेल एवढा छोटा झटका देतं, शाईचे कण फुटून बारीक होतात आणि मग ते उचलून न्यायचं काम शरीर आपल्या वेगाने करतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे सोडतात. साधारण सहा ते दहा सिटिंग, कधी त्याहून जास्त. हिशोब करा, वर्ष जातं. काळी शाई सगळ्यात सोपी जाते, १०६४ नॅनोमीटर वेव्हलेंथच्या किरणावर, आणि आपल्या रंगाच्या कातडीला तीच वेव्हलेंथ त्यातल्या त्यात सुरक्षित. लालला दुसरी लागते, हिरवा आणि निळसर रंग तर हट्टी, त्याला वेगळं मशीन लागतं जे तालुक्याला सोडा, जिल्ह्याला असेलच असं नाही. त्यामुळे 'एका सिटिंगमध्ये गॅरंटी' असा बोर्ड दिसला की पुढे चालू पडा. भरती दोन महिन्यांवर आली असताना लेझर सुरू करून काही होत नाही, हेही पोरांना स्पष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर घाईघाईत आठवड्याला एक सिटिंग करणारा कोणीतरी भेटतोच.

भेटतोच कारण लेझरची मशीनं आता पार्लरमध्ये आलीत. चेहऱ्याला काळी पेस्ट लावून कार्बन फेशियल करतात ना, तेच बाहेरून आलेलं स्वस्तातलं मशीन, त्याच्याच जोरावर 'टॅटू रिमूव्हल' पण बोर्डावर. चालवणारीने दोन दिवसांचा कोर्स केलेला. १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यातून थेट पडद्यापर्यंत जातो, म्हणून त्याचे खास गॉगल पेशंटला पण आणि चालवणाऱ्याला पण लागतात. साधा काळा चष्मा देऊन "डोळे मिटून घ्या" म्हणत असतील तर उठून या. आणखी एक फसवणूक हल्ली ऐकतोय, 'टॅटू घालवून देतो' म्हणून वरून कातडीच्या रंगाची शाई भरतात. दोन-चार महिने लांबून बरं दिसतं मग मातकट डाग दिसायला लागतो. आणि खरी गंमत पुढे, पोरगा कंटाळून लेझरला जातो तेव्हा. त्या फिकट शाईत टायटॅनियम डायॉक्साइड किंवा लोखंडाचं ऑक्साइड असतं आणि लेझर पडला की ते जागच्या जागी काळं पडतं. म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं वरून काही भरलंय का, तर लपवू नका.

हे सगळं निस्तरण्यापेक्षा सुरुवातीलाच नीट बघितलेलं काय वाईट? माझा टॅटूला विरोध नाही, आमच्या घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या गोंदलेल्या होत्या. पण जत्रेतलं गोंदण आजही कसं चालतं ते बघा, खाली सतरंजी, बॅटरीवरचं मशीन, पत्र्याच्या पाटीवर बदाम, नाग, मोर, नावाचे शिक्के, आणि शाईची एकच वाटी. एकाचं नाव झालं की सुई फडक्याला पुसायची, त्याच वाटीत बुडवायची, पुढचा हात. दहा रुपयांत दंडावर बदाम. सुईला लागलेलं रक्त वाटीत जातं, वाटीतून पुढच्याच्या अंगात. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, सात दिवस जिवंत राहू शकतो. २०२२ मध्ये वाराणसीहून स्वस्तातल्या टॅटूनंतर काही जणांना एचआयव्ही निघाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळे एचआयव्ही एचआयव्ही करत होते, पण माझ्या मते आपल्याकडे जास्त भीती हिपॅटायटिसची, बी ची आणि सी ची, कारण वर्षानुवर्षं काही कळत नाही. बी ला लस आहे, तीन डोस, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. देशभर लहान बाळांना ती सरकारी कार्यक्रमातून २०११ पासून मिळायला लागली, म्हणजे आज भरतीच्या वयाची जी पोरं आहेत त्यांनी घेतली असेलच असं नाही, टॅटू काढायच्या आधी कार्ड बघा. सी ला लस नाही.

स्टुडिओ म्हटला की एसी, काळ्या भिंती, कवटीचं चित्र, इन्स्टावर पन्नास हजार फॉलोअर. यातलं काहीही स्वच्छतेचा पुरावा नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट दाखवतात, जवळ जाऊन वाचा, ते शॉप ॲक्टचं असतं, मुंबईत त्याला गुमास्ता म्हणतात, ते किराणा दुकानाला पण मिळतं. टॅटू स्टुडिओसाठी वेगळा असा केंद्राचा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे बघायचं ते आपणच बघायचं. फॉलोअरपेक्षा बरे झालेल्या टॅटूचे फोटो मागा, महिन्या-दोन महिन्यांनंतरचे, कारण ताजा टॅटू सगळ्यांचाच झकास दिसतो, सुई जास्त खोल गेली असेल तर रेघ पसरलेली नंतरच दिसते.

बाकी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे सुई तुमच्यासमोर फोडली का. पाकीटबंद असते, पाकिटावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते, निर्जंतुक केल्याची रंग बदलणारी खूण असते, सलाइनच्या सेटवर असते तशीच. आधीच मशीनला लावून ठेवलेली सुई असेल तर "नवीनच आहे दादा" वर विश्वास ठेवू नका, समोर बदलायला सांगा. हल्ली कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेल्या तयार नळ्या येतात, त्यात आत एक पडदा असतो, शाई आणि रक्त उलटं मशीनमध्ये जाऊ नये म्हणून. स्वस्तातल्या कार्ट्रिजला तो पडदाच नसतो, मग सुई नवीन असूनही आधीच्या गिऱ्हाइकाचं रक्त मशीनमध्ये बसलेलं, हे विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही, विचारा, चांगला आर्टिस्ट खूश होऊन दाखवतो. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घ्यायची आणि उरलेली टाकून द्यायची, परत बाटलीत नाही. केस काढायचं रेझर नवीन. मशीनला आणि वायरला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. ग्लोव्हज घातलेल्या हाताने मधेच मोबाइल उचलला, गाणं बदललं, आणि परत सुई धरली तर ते ग्लोव्हज त्याच्या हाताचं रक्षण करतायत, तुमचं नाही.

निळा दिवा लावलेली ती छोटी पेटी असते ना, यूव्हीची, सलूनमध्ये पण असते, ती निर्जंतुकीकरण नव्हे. उकळतं पाणी पण नव्हे. परत वापरायची कुठलीही वस्तू ऑटोक्लेव्हमधूनच, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमधूनच यायला पाहिजे, १२१ डिग्री, दाबाखाली, किमान पंधरा-वीस मिनिटं. सगळंच एकदा वापरून टाकायचं असेल तर ऑटोक्लेव्ह नसला तरी चालतो, मग वापरलेल्या सुया कुठे टाकतात ते विचारा, दवाखान्यात असतो तसा पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा असेल तर उत्तम, कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकत असतील तर त्या माणसाने बाकीच्या गोष्टींत काय काळजी घेतली असेल याचा अंदाज येतो.

शाईत मिसळायच्या पाण्याचं कुणी बोलतच नाही. राखाडी शेड द्यायला काळी शाई पातळ करतात, आणि बरेच जण पातळ करतात ते प्यायच्या बाटलीतल्या किंवा सरळ नळाच्या पाण्याने. काही जण म्हणतात आम्ही डिस्टिल्ड वापरतो. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, इंजेक्शनसाठी स्टराइल वॉटर वेगळं येतं, दहा मिलीच्या सीलबंद बाटलीत, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं आणि चहापेक्षा स्वस्त असतं. २०११ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एकाच आर्टिस्टकडच्या १९ जणांच्या टॅटूवर पुरळ आलं, तपासात क्षयाच्या जंतूच्या जातभाईंपैकी एक निघाला, आणि तो तयार मिळणाऱ्या राखाडी शाईतूनच आलेला. म्हणजे आर्टिस्टचं काम स्वच्छ असलं तरी शाई खराब असू शकते. अशा इन्फेक्शनला साध्या अँटिबायोटिकचा कोर्स पुरत नाही, काही वेळा महिने महिने गोळ्या चालतात. टॅटूवर दोन-तीन आठवड्यांनी बारीक फोड आले आणि जात नसतील तर मेडिकलमधून ट्यूब मागत बसू नका.

मूळ शाईत काय असतं हा वेगळाच विषय. युरोपने २०२२ च्या जानेवारीपासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून जास्त रसायनांवर बंधनं घातली. आपल्याकडे कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या खात्याने तपासलेल्या शाईत २२ धातू सापडले, आणि नियम करावेत म्हणून केंद्राकडे मागणी केली. आपल्या राज्याने निदान नमुने तरी घ्यावेत की. गोव्याला गेलेली पोरं बीचवर काळ्या मेंदीचा 'टेम्पररी' टॅटू काढून येतात, त्यात पुष्कळदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, मेंदी काळी कुळकुळीत कधी असते का, आठवड्यात त्याच डिझाइनचे फोड घेऊन येतात. तेवढ्यावर भागत नाही, एकदा ॲलर्जी झाली की आयुष्यभर केसांचा काळा डाय लावायची पंचाईत.

आणि एक, चांगला आर्टिस्ट तुम्हाला प्रश्न विचारतो. वय किती, शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कापल्यावर वण जाड होतो का, कारण ज्यांना कीलॉइड होतात त्यांच्या छाती-खांद्यावर टॅटू म्हणजे आमंत्रणच. अठरा पूर्ण नसेल तर परत पाठवतो, दारू पिऊन आलेल्याला परत पाठवतो. आमच्या जिल्ह्यात एक जण तर हल्ली विचारतो, "भरती देणारेस का, कुठली, मग उजव्या हातावर नको." मला वाटतं हा एक प्रश्न विचारणारा स्टुडिओ बाकी काही न बघता निवडावा. दुखू नये म्हणून सुन्न करायचं क्रीम लावतात त्याचंही विचारा, लिडोकेन किती टक्के आहे ते. मोठ्या भागावर जास्त लिडोकेन लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं तर ते रक्तात उतरतं, ठोके बिघडतात, फिट येऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने २०२४ मध्ये अशा क्रीमबद्दल इशारा दिलाय. काढून झाल्यावर दोन-तीन आठवडे विहिरीत, कॅनॉलमध्ये पोहायचं नाही, खपली ओढायची नाही. रक्तदान वर्षभर करता येत नाही, शिबिरात खरं सांगायचं, तिथे टी-शर्ट आणि बॅग मिळते म्हणून लपवायचं नाही.

आता मागणी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने टॅटू घालवायची क्रीमं आणि ॲसिडं ऑनलाइन मागवून तपासावीत, आम्हा दुकानदारांची तपासणी करता तशीच त्यांची पण करा, ज्या लेबलवर लायसन्स नंबर नाही ते ॲपवर दिसताच कामा नये. महापालिका-नगरपालिकांनी टॅटू स्टुडिओची निदान नोंद ठेवावी, सुया कुठे जातात ते विचारावं. भरती ॲकॅडमीवाल्यांनी फी घ्यायच्या दिवशीच पोराला शर्ट काढायला लावून बघावं आणि कुठल्या भरतीला काय चालतं ते त्याच त्या दिवशी सांगावं, फी परत द्यायची वेळ आली तर द्यावी. आणि संपादक साहेब, तुमच्या करिअरच्या पानावर भरतीची उंची, छाती, वय छापता तिथेच टॅटूच्या नियमाच्या चार ओळी छापा, आर्मीच्या वेगळ्या आणि जीडीच्या वेगळ्या.

ज्यांनी आधीच काहीतरी लावून हात भाजून घेतलाय त्यांनी त्याच्यावर हळद, टूथपेस्ट, आणखी दुसरं क्रीम असं काही करू नका, वाहत्या साध्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा, ॲसिड उतरवायला सोडा चोळू नका, स्वच्छ कापड सैल बांधा आणि निघा. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला, कोल्हापूरला सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला स्किनची ओपीडी असते, केसपेपर काढा, आणि जे लावलं त्याची बाटली किंवा डबा सोबत न्या, लाजून घरी ठेवू नका, लेबल बघितल्याशिवाय डॉक्टरांना पण कळत नाही आत काय होतं ते.

आपला,
एक मेडिकल दुकानदार,
ता. तासगाव, जि. सांगली